मेंढा (लेखा): हक्क गावाचा, बांबू जंगलात आणि परवान्याचे पुस्तक दुसऱ्याच्या टेबलावर

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना, धानोरा यायच्या थोडे आधी मेंढा लागते. गोंड आदिवासींचे गाव, शंभराच्या आसपास घरे, जवळून वाहणारी कठाणी नदी, पावसाच्या भरवशावरची धानशेती आणि शिवारात १,८०० हेक्टरांहून थोडे जास्त जंगल. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. मेंढ्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण घोषणेपासून सुरुवात करतात आणि तिच्यावरच थांबतात. घोषणा चांगलीच आहे. पण ग्रामीण गरिबी आणि जमिनीवरचा हक्क यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर या गावाच्या गोष्टीतली एक किरकोळ वाटणारी वस्तू जास्त कामाची आहे: बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक.

जमीन मिळाली की गरिबी हटते असे आपण सरसकट बोलतो. मेंढ्याच्या लोकांकडे जंगल पिढ्यान्‌पिढ्या होते, २००९ साली त्यावरचा कायदेशीर हक्कही आला, तरी त्यानंतर दीड वर्षाहून जास्त काळ त्या हक्कातून बाजारात विकता येईल असा एक ट्रक बांबूसुद्धा बाहेर पडला नाही. तो का पडला नाही आणि मग कसा पडला, हे या प्रकरणाचे सार.

आधीची परिस्थिती

हा मुलूख चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात होता, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, आणि १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. जमीनदारी-मालगुजारीच्या काळात जंगल मालकाचे, पण गावाला निस्तार असे: जळण, घरासाठी लाकूडफाटा, गुरांची चराई, कुंपणाला आणि टोपल्यांना बांबू. १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली आणि जंगल सरकारजमा झाले. निस्ताराचे हक्क कागदोपत्री टिकले, पण वन खात्याच्या रोजच्या कारभारात ते सवलत बनले. ती कधी मिळे, कधी नाही.

निस्तार आणि विक्री यांच्यात एक रेघ होती, आणि माझ्या मते या भागाची दारिद्र्यरेषा तीच. घरच्या चुलीला आणलेली मोळी चालते, बाजारात नेलेली चालत नाही. धानाचे एक पीक घरातली काही महिन्यांची गरज भागवते. बाकीचे वर्ष मोह, तेंदू (विडीची पाने), चारोळी, डिंक, मध आणि मजुरीवर. यातल्या सगळ्यात जास्त पैशाच्या वस्तू, म्हणजे तेंदू आणि बांबू, सरकारच्या ताब्यात. बांबू दीर्घ मुदतीच्या करारावर कागद गिरणीकडे जायचा. ज्यांच्या शिवारात तो उगवायचा, ते तो तोडायचे मजूर. मजुरी त्यांची, स्वामित्वधन सरकारचे, नफा गिरणीचा. आणि घराला चार बांबू आणायला गेलेला माणूस मात्र चोर ठरू शकत होता.

दिल्लीचा कायदा येण्याआधीची वीस-पंचवीस वर्षे

मेंढ्याला यश मिळाले ते २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे, असे म्हणणे अर्धे खरे आहे. तोच कायदा देशातल्या लाखो गावांना लागू होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरी-इंद्रावती खोऱ्यात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम ही दोन मोठी धरणे येऊ घातली होती. त्यांच्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लालश्याम शहा होते, आणि गावागावांतून चालत आलेले आदिवासी होते. धरणे मागे पडली. आंदोलन ओसरल्यावर बहुतेक गावे घरी गेली, मेंढ्याने मात्र पुढे काय करायचे याची चर्चा चालू ठेवली. देवाजी तोफा हे गावातले कार्यकर्ते त्यातून पुढे आले. 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल १९८७ च्या सुमारास लोक आणि जंगल यांच्या नात्याचा अभ्यास करायला गावात आले आणि पुढची अनेक वर्षे गावाशी जोडलेले राहिले.

त्या काळातला घोटुलाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. गोंड समाजात तरुणांसाठी, आणि एकूणच गावाच्या एकत्र येण्यासाठी, घोटुल ही जागा असते. मेंढ्यातली ती प्रथा मोडकळीला आली होती. गावाने ती पुन्हा सुरू करायचे ठरवले आणि बांधकामासाठी जंगलातून सागाचे लाकूड आणले. वन खाते पोलीस घेऊन आले आणि बांधलेले घोटुल पाडून लाकूड घेऊन गेले. गावाने ते पुन्हा बांधले, आणि आसपासच्या गावांनीही आपापल्या गावात घोटुले बांधायला घेतली. एका गावावर गुन्हा दाखल करता येतो, बारा गावांवर करताना अधिकाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो. हा हिशेब गावाला तेव्हा कळला, आणि पुढे बांबूच्या वेळी उपयोगी पडला.

याच काळात दोन सवयी लागल्या. पहिली, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. याने कामे रखडतात हे उघड आहे. दारूबंदीचा विषय असाच रेंगाळत राहिला, बायका मागे लागल्या तेव्हा कुठे तो मार्गी लागला. पण एकदा ठरले की ते मोडायला गावातला कोणी उरत नाही. दुसरी सवय अभ्यास गटाची. ग्रामसभा निर्णय घेते, अभ्यास गट फक्त समजून घेतो: कायद्यात काय लिहिले आहे, निस्तारपत्रकात गावाच्या नावावर काय आहे, मधमाश्या न जाळता मध कसा काढायचा. गटात कोणीही बसावे, बाहेरच्यालाही बोलवावे, पण गटाने ठराव करायचा नाही. माहिती आणणारा आणि निर्णय घेणारा यांची अशी फारकत आपल्या बऱ्याच संस्थांना जमलेली नाही, हे जाता जाता.

नव्वदच्या दशकात संयुक्त वन व्यवस्थापनाची योजना आली. ती उजाड झालेल्या जंगलांसाठी होती. मेंढ्याचे जंगल चांगले उभे होते, म्हणजे नियमाप्रमाणे गाव अपात्र. ज्यांनी जंगल राखले त्यांना योजना नाही, ज्यांचे गेले त्यांना आहे! गावाने हा मुद्दा लावून धरला आणि उभे जंगल असूनही योजनेत जागा मिळवली. म्हणजे वनहक्क कायदा संसदेत यायच्या आधीच या गावाकडे जंगलाची गस्त, वापराचे नियम, बैठकीच्या नोंदी आणि सरकारी कागद वाचायची तयारी होती.

हक्क मिळाला, ट्रक अडला

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ साली मंजूर झाला आणि नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. कायद्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक, गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलात मिळणारा माल) गोळा करण्याचाच नव्हे तर वापरण्याचा आणि विकण्याचाही हक्क. दोन, गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्पष्टपणे घातलेले. तीन, परंपरेने राखत आलेल्या सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क. मेंढ्याने वैयक्तिक पट्ट्यांच्या मागे न धावता सामूहिक दावा दाखल केला आणि ऑगस्ट २००९ मध्ये १,८०९ हेक्टरांवरचा हक्क मान्य झाला. मर्दा या गावाचाही दावा त्याच सुमारास मंजूर झाला. देशातल्या पहिल्या सामूहिक वनहक्कांत या दोन गावांची गणना होते.

मग गावाने बांबू विकायचे ठरवले, आणि दोन कायदे समोरासमोर आले.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत तेव्हा बांबू येत असे. वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला, पण वन खात्याच्या पुस्तकात तो झाड, म्हणून लाकूड, म्हणून सरकारी माल. २००६ चा कायदा म्हणतो गौण वनोपज, खाते म्हणते लाकूड. वाहतूक परवाना द्यायचा अधिकार खात्याकडे, आणि परवान्याशिवाय रस्त्यावर सापडलेला बांबू जप्तीला पात्र.

खरी मेख मात्र नियमांत होती. २००८ च्या नियमांनी 'विक्री'चा अर्थ सांगताना वाहतुकीची साधने मोजून दिली होती: डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. मोटारगाडी वापरायची तर जुनेच वाहतूक नियम. हे वाचून हसू येते, पण जरा थांबून पाहू. पंधरा-वीस फुटी बांबू सायकलला बांधून माणूस किती लांब जाईल? धानोऱ्याच्या बाजारापर्यंत. तिथला बुरड किंवा एखादा कुंपण घालणारा शेतकरी, एवढेच त्याचे गिऱ्हाईक. कागद कारखाना, नागपूर-रायपूरचा व्यापारी, केळीला टेकू लावायला बांबू शोधणारा बागायतदार, हे सगळे ट्रकच्या टप्प्यावर. संसदेने दिलेल्या विक्रीच्या हक्काला नियम करणाऱ्याने डोक्यावरच्या भाऱ्याएवढे करून ठेवले होते. त्यात कोणाचा डाव असेल असेही नाही. आदिवासी म्हणजे मोळी विकणारा, हे चित्र डोक्यात इतके पक्के की नियम लिहिणाऱ्याच्या कल्पनेत ट्रक आलाच नसावा.

ग्रामसभेने परवाने मागितले, खात्याने नाकारले. गावाने पत्रव्यवहार सोडला नाही आणि प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज माना, असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण सोबत होते, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक देवाजी तोफांच्या हाती दिले गेले. कोणता माल, किती नग, कोणत्या गाडीतून, कुठून कुठे, किती तारखेपर्यंत, एवढेच असले परवाने सांगतात. पण ते लिहायचा अधिकार आता ग्रामसभेचा होता.

मंत्री गावात आले म्हणून काम झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मंत्र्याच्या जागी दुसरा कोणी असता तर काय झाले असते, हा प्रश्न राहतोच. मात्र पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, नियम बदलले. डोक्यावरचा भारा आणि सायकल गेली, त्या जागी 'योग्य ते वाहतूक साधन' आले, आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे गेला. परवान्याच्या पद्धतीने विक्रीच्या हक्काला बाध येता कामा नये, हेही नियमात आले. एका गावाच्या हटाने देशभराचा नियम बदलला, असे म्हणायला हरकत नाही.

पैसा आला तेव्हा

पहिल्याच हंगामात बांबूची उलाढाल कोटी रुपयांच्या घरात गेली. पाचशेच्या आसपास वस्तीच्या गावात एवढा पैसा एकदम आला की काय होऊ शकते, ते लिहून सांगायला नको.

ग्रामसभेने स्वतःच्या नावाने बँक खाते उघडले, पॅन काढले, मजुरांची हजेरी ठेवली. रोजगार हमीच्या कामांसाठी ग्रामसभाच यंत्रणा म्हणून मान्य झाली, त्यामुळे जंगलातली मृदसंधारणाची, तळ्यांची कामे आणि त्याची मजुरी गावाच्याच नियोजनातून होऊ लागली. बांबू तोडणाऱ्याला मजुरी मिळाली आणि पूर्वी सरकारी तिजोरीत जाणारे स्वामित्वधन ग्रामसभेच्या खात्यात राहिले. गरिबीच्या दृष्टीने हा बदल मजुरीचा दर वाढण्यापेक्षा मोठा आहे. मजुरी हंगामापुरती असते, ग्रामसभेच्या खात्यातल्या रकमेतून आजारपणाला, शिक्षणाला, पेरणीच्या आधीच्या तंगीला पैसे काढता येतात.

शाश्वत विकासाची कसोटी इथे कुऱ्हाडीच्या पात्यावर लागते. बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, एका वेळी सगळ्या वयाचे बांबू असतात: यंदाचे वास्ते (कोंब), गेल्या वर्षीचे हिरवे कोवळे, आणि तीन-चार वर्षांचे पिकलेले. तोडायचे ते पिकलेले, पण ते असतात रांजीच्या मध्यभागी, आणि नवीन कोंब बाहेरच्या अंगाने फुटतात. नगावर पैसे घेणारा आणि पुढच्या वर्षी त्या जंगलात यायची शाश्वती नसलेला मजूर कडेचा हिरवा बांबू कापून मोकळा होतो, आत शिरायचा त्रास कोण घेणार! रांजीचा मधला भाग गुंतून मरतो, बाहेरची वाढ थांबते. जंगल काही वर्षांच्या फेरीने तोडायचे, पावसाळ्यात हात लावायचा नाही, प्रत्येक रांजीत ठरावीक बांबू उभे सोडायचे, जमिनीलगत नीट कापायचा, हे नियम वन खात्याच्या पुस्तकातही होतेच. फरक एवढा की आता तोडणाऱ्याला पुढच्या फेरीचा बांबूही आपलाच आहे हे माहीत होते आणि चुकीचे तोडले तर संध्याकाळी ग्रामसभेत शेजाऱ्यांसमोर उत्तर द्यायचे होते. गार्डाला चुकवता येते, सख्ख्या चुलत्याला चुकवणे अवघड.

दुसऱ्या गावांना हे जमते का?

गडचिरोलीत आज हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत, देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात क्वचितच एवढे असतील. तरी सगळीकडे मेंढा झालेले नाही, आणि त्याची कारणे गावांच्या आळसात शोधणे अन्यायाचे आहे.

तेंदूचे पाहा. सत्तर पानांचा एक पुडा, उन्हाळ्यातले दोन-तीन आठवडे, घरातली लहान-मोठी सगळी माणसे पहाटेपासून जंगलात. ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्यावर २०१७ मध्ये भाव चांगलेच चढले. त्याच वर्षी जीएसटी आला आणि तेंदूपानावर १८ टक्के लागला. पुढच्या हंगामात भाव कोसळले, काही ठेकेदारांनी ठरलेले पैसे दिलेच नाहीत, आणि ग्रामसभा वसुलीसाठी अर्ज करत बसल्या. करारनामा कसा करायचा, अनामत किती घ्यायची, माल फळीवरून (पाने गोळा होतात त्या जागेवरून) उचलण्याआधी किती रक्कम जमा हवी, हे शिकवायला कोणी नव्हते. वन खात्याने मक्तेदारी सोडली, पण मक्तेदारीसोबत असलेली गोदामे, लिलावाची यंत्रणा, व्यापाऱ्याची माहिती ही काही गावांकडे आली नाही. बऱ्याच ठिकाणी ठेकेदारच ग्रामसभेचे कागद लिहितो, ठरावही तोच आणतो. नाव ग्रामसभेचे, वही ठेकेदाराची.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने वेगळा रस्ता धरला. २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूवर भर दिला आणि तेंदू तोडायचेच बंद केले, कारण चांगल्या पानासाठी जंगलात लागणारी आग आणि होणारी छाटणी त्यांना नको होती. हातचे उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय बाहेरच्या कुठल्याही योजनेतून आला नसता.

भारताबाहेर पाहायचे तर नेपाळने १९९३ च्या वन कायद्याने जंगले गावोगावच्या वापरकर्ता गटांकडे सोपवली आणि उघडे पडलेले डोंगर पुन्हा हिरवे झाले, पण गटांतली सत्ता बऱ्याच ठिकाणी सुस्थितीतल्या घरांकडेच राहिली. मेक्सिकोत क्रांतीनंतरच्या जमीनवाटपामुळे जंगलाचा मोठा हिस्सा एहिदो (सामूहिक जमीन धारण करणारी गावे) आणि आदिवासी समुदायांच्या मालकीचा आहे. तरी ऐंशीच्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी लाकूड तोडायची सवलत कंपन्यांकडे होती. ती गेली, गावांनी स्वतःच्या आरागिरण्या टाकल्या, तेव्हा गावांत पैसा दिसू लागला. मालकी आणि विक्री यांच्यातले अंतर तिथेही होतेच, फक्त अडसराचे नाव वेगळे.

२०१७ च्या अखेरीस केंद्राने १९२७ च्या कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू वगळला, पण सुटका झाली ती वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची. म्हणजे शेताच्या बांधावरचा बांबू मोकळा झाला, जंगलातल्या बांबूवर वन कायदा कायम राहिला. शेतकऱ्याची सोय झाली, जंगलातल्या गावाला मात्र अजूनही २००६ चा कायदा हातात धरूनच बोलावे लागते.

शेताचे काय?

जंगलाचा प्रश्न मार्गी लागल्यावर मेंढ्याने २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले, ज्याने पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ खाली गावातल्या शेतकऱ्यांनी आपल्या खासगी जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवायचे ठरवले. विनोबांच्या चळवळीच्या दिवसांतला हा कायदा तोवर बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता. त्याप्रमाणे कसणारा कसतच राहतो, त्याची मुलेही कसतात. एक हिस्सा भूमिहीनांसाठी काढून द्यायचा. जमीन गावाबाहेरच्याला विकता येत नाही. मेंढ्याचा युक्तिवाद साधा होता: जंगल सामूहिक आणि शेत एकेकट्याचे असेल, तर शेत कर्जापायी एकेक करून बाहेर जाईल आणि मग ग्रामसभेत बसायला गाव उरणार नाही.

मला यातली एक अडचण खरी वाटते. शेत गहाण ठेवून कर्ज काढायची वाट याने अवघड होते, आणि ग्रामसभेचा कोष त्या गरजेला किती वर्षे पुरेल हे बांबूच्या उत्पन्नावर ठरणार. मानवेल जातीचा बांबू काही दशकांनी एकदम फुलतो आणि फुलल्यावर वाळून जातो. तसे झाले की नव्या रोपांचा बांबू तोडणीला येईपर्यंत बरीच वर्षे जातात. त्या वर्षांची तजवीज गावाला आताच्या पैशातून करून ठेवावी लागेल.

सरकारी बाजू त्याहून संथ निघाली. कायद्यानुसार ग्रामदानी गावाच्या ग्रामसभेला पंचायतीचे अधिकार मिळायला हवेत. त्यासाठी गावाला वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावे लागले. परवान्याच्या पुस्तकाला दीड वर्षाहून थोडे जास्त लागले होते, इथे त्याच्या कितीतरी पट काळ गेला.